वेल्लोर: डोंगरांच्या कड्यातलं शहर आणि आपले साजरा-गोजरा

वाटसरू_सोलापूर | १२ जानेवारी, सकाळी ९.१०

लेकीच्या कॉलेजमुळे गेल्या दोन वर्षांत वेल्लोरच्या पाच फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत मी तेच केलं जे बहुतेक मराठी पालक करतात. काटपाडीला उतरलो, फीचे कागद, खोली, गादी-बादली, संध्याकाळी श्रीपुरमचं सुवर्णमंदिर, दुसऱ्या दिवशी तिरुपती, आणि परत. दवाखान्यासाठी येणाऱ्यांचंही असंच होतं. गावाच्या मधोमध केवढा किल्ला उभा आहे आणि त्याच्याशी आपलं नातं काय, हे मला तिसऱ्या फेरीत कळलं. म्हणून हा धागा काढतोय. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी माझ्यासारखं दोन वर्षं घालवू नये.

वेल्लोर चेन्नईपासून साधारण १४० किलोमीटर आणि बंगळूरपासून २१० च्या आसपास. पालार नदीच्या काठी, चहूबाजूंनी उघडेबोडके खडकाळ डोंगर. उन्हाळ्यात हे डोंगर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ऊन परत देत राहतात. एप्रिल-मेमध्ये जाऊच नका, पारा ४० च्या वर असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

या गावाबद्दल तिथे एक जुनं बोलणं आहे: पाण्याविना नदी, झाडांविना डोंगर, राजाविना किल्ला आणि देवाविना देऊळ. पहिल्या तीन गोष्टी आजही बऱ्यापैकी खऱ्या आहेत. चौथी १९८१ मध्ये खोटी ठरली, त्याबद्दल खाली लिहितो.

किल्ला भुईकोट आहे. सोळाव्या शतकात विजयनगरच्या काळात चिन्न बोम्मी नायक आणि तिम्मा रेड्डी यांनी बांधला असं मानतात. १३३ एकरांचा पसारा, करड्या ग्रॅनाइटचे घडीव चिरे, आणि भोवती आजही पाण्याने भरलेला रुंद खंदक. आपल्याकडे सोलापूर, नगर, परांडा पाहिलेल्याला भुईकोट नवा नाही. पण तटाचं प्रतिबिंब पाण्यात पडलेलं पाहिलं की पाय थबकतात. पूर्वी सूर्यगुंटा तलावातून जमिनीखालच्या नळाने खंदकात पाणी यायचं.

आत जलकंठेश्वराचं देऊळ. गोपुर सात मजली, शंभर फुटांहून उंच. गोपुरातून आत शिराल तेव्हा लगेच डाव्या हाताला कल्याणमंडप आहे. सरळ गाभाऱ्याकडे जाऊ नका, आधी इथे वळा. पुढच्या खांबांवर उधळलेले घोडे आणि याळी (सिंहासारखे काल्पनिक प्राणी), पाठीवर स्वार, टापांखाली गुंतलेली माणसं आणि जनावरं, सगळं एकाच दगडात. खरी गंमत छतात आहे. मधोमध एक मोठं उमललेलं कमळ आणि त्याच्याभोवती गोलाकार बसलेले पोपट. चोची कमळाकडे, शेपट्या बाहेर, उलटे लोंबकळल्यासारखे. मान दुखेपर्यंत पाहत बसलो. एका पोपटाची चोच पाकळीला जेमतेम टेकलेली आहे, आणि त्या एवढ्याशा जागेत कारागिराने दगड आरपार पोखरलाय.

कैक पिढ्या या देवळात देव नव्हता. लढायांच्या धामधुमीत लिंग बाहेर नेलं गेलं, पुढे देवळाचा उपयोग दारूगोळा ठेवायला झाला. मग संरक्षित स्मारक झालं आणि पूजेला परवानगी नाही, अशी अवस्था. लिंग जवळच्या सत्तुवाचारीच्या देवळात होतं. १६ मार्च १९८१ ला लोकांनी ते परत आणून गाभाऱ्यात बसवलं. आता रोज पूजा होते, बाजूला अखिलांडेश्वरी आहे. संध्याकाळच्या आरतीला गेलात तर गर्दी पर्यटकांची नसते. हातात दुधाची पिशवी, काखेत पोर, ऑफिसातून घरी जाता जाता आलेली माणसं असतात. इतक्या पिढ्या रिकाम्या राहिलेल्या गाभाऱ्यासमोर ही इतकी रोजची वर्दळ पाहून मला भरून आलं.

आता साजरा-गोजरा. सभासदाच्या बखरीत या कोटाचं वर्णन आहे, तो त्याला येळूर म्हणतो. खंदकाच्या पाण्याला अंत नाही, त्यात दहा हजार सुसरी, फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, एवढी रुंद की दोन गाड्या जोडीने जाव्यात. महाराजांनी दक्षिण मोहिमेत, १६७७ च्या मे महिन्यात, या कोटाला वेढा घातला. आत विजापूरचा अब्दुल्लाखान. मोर्चे लावण्यासाठी शेजारचे डोंगर धरले आणि त्यांना नावं दिली साजरा आणि गोजरा. आजही शहराच्या पूर्वेकडच्या डोंगरांवर तटबंदीचे अवशेष आहेत. तिथे तीन गड मोजतात. तिसरा मुर्तझागड आणि बाकी दोघांची नावं जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये सझराव, गुझराव अशी लिहिलीत. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. परक्या साहेबाच्या कानावर पडून, तमिळ जिभेवरून जाऊन, आपलं साजरं-गोजरं तीनशे वर्षं तिथे टिकलंय.

डोंगरावर जाताना रिक्षावाल्याला 'साजरा' म्हणून काही कळलं नाही. 'मलै कोट्टै', म्हणजे डोंगरकिल्ला, म्हटल्यावर त्याने मान हलवली. वस्ती संपते तिथे सोडलं. पुढे दगडाधोंड्यातून आणि काटेरी झुडपांतून वाट काढत वर. पाटी नाही, पायऱ्या नाहीत, पाणी नाही. वर पडका तट आणि वारा. पण तिथून खाली पाहिलं की वेढा म्हणजे काय ते एका नजरेत कळतं. सगळा भुईकोट, त्याचा खंदक, गोपुर, ताटात वाढल्यासारखं समोर.

जे जाऊन आलेत त्यांनी भर घाला. आसपासच्या देवळांबद्दलही लिहा.

---

मंजिरी_कोथरूड | १२ जानेवारी, सकाळी ११.३५

किती छान लिहिलंत काका! आम्ही बाबांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे तिथे होतो. किल्ला रोज रिक्षातून दिसायचा. एकदा आईला घेऊन खंदकाच्या कडेच्या बागेत बसले होते, पण आत जायचं सुचलं नाही. मनावर ताण असला की डोळ्यांना काही दिसत नाही.

तपासणीसाठी मार्चमध्ये पुन्हा जायचंय. आईचे गुडघे दुखतात. तिला काय काय झेपेल?

---

वाटसरू_सोलापूर | १२ जानेवारी, दुपारी १२.२०

मंजिरीताई, बाबांना लवकर बरं वाटो. किल्ला आणि देऊळ दोन्ही सपाटीवर आहेत, आईंना नक्की झेपेल. फक्त दुपारी देऊळ बंद असतं आणि दगडी फरशी तापते. सकाळी आठ-साडेआठलाच जा. श्रीपुरमला मात्र चालणं आहे. चांदणीच्या आकाराची आच्छादित वाट जवळजवळ १.८ किलोमीटरची आहे. तिथे व्हीलचेअरची चौकशी आधी करून ठेवा. मोबाइल, कॅमेरा आत नेता येत नाही आणि पोशाखाचे नियम आहेत.

---

राऊळवाट | १२ जानेवारी, दुपारी ४.०५

श्रीपुरमबद्दल दोन शब्द. इतिहासात रमणारे लोक 'ते काय नवं' म्हणून नाक मुरडतात, मला ते पटत नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये ते खुलं झालं. लक्ष्मीनारायणीचं देऊळ, सुमारे १५०० किलो सोनं. तांब्याच्या पत्र्यावर नऊ-दहा थर सोन्याचे वर्ख चढवलेत आणि नक्षी हाताने उठवलेली आहे. आजही असं काम करणारे हात आहेत, हे पाहायला तरी जावं. दिवे लागल्यावर भोवतीच्या पाण्यात ते उजळतं तेव्हा जा.

पण माझा जीव जडलाय तो विरिंजीपुरमवर. वेल्लोरहून पश्चिमेला १५ किलोमीटरच्या आसपास, पालारच्या काठी मार्गबंधीश्वराचं देऊळ. मार्गबंधू, म्हणजे वाटेतला सोबती. शिवाला हे नाव मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. प्रवासाला निघणारे लोक इथे हात जोडून जातात. लिंग किंचित कललेलं आहे. तमिळमध्ये कुठल्या गावाचं काय देखणं याचं एक बोलणं आहे. तिरुवारूरचा रथ देखणा, तसा विरिंजीचा तट देखणा. तो तट पाहिला की पटतं.

आवारात सिंहतीर्थ आहे. विहिरीचं तोंडच दगडी सिंहाच्या रूपात घडवलंय. कार्तिकातल्या शेवटच्या रविवारी मूल व्हावं म्हणून बायका इथे स्नान करतात. आणि एक गोष्ट शोधून पाहा, कुणी दाखवत नाही: दगडात कोरलेलं सावलीचं घड्याळ. खाचेत काडी धरायची, सावली पडेल त्या खुणेवरून वेळ. मी काडी धरली, पुजाऱ्यांनी बोट ठेवून आकडा दाखवला आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर आलं. आम्ही दोघंही हसलो, एकमेकांची भाषा येत नसताना.

---

गडवेडा_नाशिक | १२ जानेवारी, रात्री ९.५०

महाराजांनी स्वतः वेल्लोर जिंकलं हे वाचून छाती भरून आली. जय शिवराय!

---

जुनी_पानं | १२ जानेवारी, रात्री १०.४०

गडवेडा, एक दुरुस्ती. वेढा महाराजांनी घातला, पण कोट पडला तेव्हा ते तिथे नव्हते. वेढा चालू ठेवून ते पुढे गेले आणि नंतर स्वराज्यात परतले. कोट सुमारे १४ महिन्यांनी, १६७८ मध्ये हाती आला. रघुनाथपंत हणमंते तेव्हा कर्नाटकातला कारभार पाहत होते. यात कमीपणा काहीच नाही, उलट मला हे जास्त मोठं वाटतं. राजा शेकडो मैल दूर असताना, परमुलखात, वर्षाहून जास्त काळ माणसं मोर्चा धरून बसली.

धागाकर्त्यांनी सभासदाचा उल्लेख केला, त्याला एक जोड. कृष्णाजी अनंत सभासद यांनी बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. म्हणजे वेल्लोरबद्दल लिहिणारा माणूस तेव्हा त्याच मुलखात राहत होता आणि कोट मराठ्यांकडेच होता. दहा हजार सुसरींचा आकडा मोजलेला नसेलच, पण खंदक आणि फांजीचं वर्णन मी तरी ऐकीव समजत नाही.

राजाराम महाराज १६८९ मध्ये पन्हाळ्याहून निसटले ते वेल्लोरमार्गेच जिंजीला पोचले. जिंजी पडली तेव्हाही ते आधी वेल्लोरला आले आणि मग महाराष्ट्राकडे निघाले. हा कोट आपला नसता तर ती आठ वर्षांची झुंज कशी चालली असती, विचार करा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दाऊदखानाने तो मोगलांसाठी घेतला.

आता १८०६ बद्दल लिहितो, कारण त्यावर धाग्यात अजून काहीच नाही आणि शाळेत आम्ही मुलांना १८५७ पासूनच सुरुवात करून देतो. मी स्वतः तसंच शिकवलं बरीच वर्षं.

श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचं कुटुंब वेल्लोरच्या कोटात ठेवलं होतं. मद्रासच्या फौजेत नवे हुकूम निघाले: कपाळावर गंध-भस्म नको, दाढी नको, कानात डूल नको, आणि डोक्यावर नव्या धाटणीची पगडी, जिच्यावर चामड्याचा तुरा. हिंदू आणि मुसलमान, दोघांच्याही वर्मी लागेल असं. मे महिन्यात नकार देणाऱ्यांपैकी दोघांना प्रत्येकी ९० फटके मारले. १० जुलै १८०६ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर शिपाई उठले. आदल्याच दिवशी टिपूच्या एका मुलीचं लग्न कोटात झालं होतं. शंभराहून जास्त गोरे मारले गेले, टिपूचं निशाण चढलं.

बातमी आर्कोटला गेली. तिथून कर्नल गिलेस्पी घोडदळ घेऊन निघाला, २५-२६ किलोमीटर दौडत आला. दार बंद म्हणून दोरीने तटावर चढला, मागून तोफा आल्या, दार फोडलं. सकाळ सरायच्या आत सगळं संपलं. मारल्या गेलेल्या शिपायांचा आकडा ३५० च्या आसपास सांगतात. त्यातल्या शंभरेक जणांना महालाबाहेर काढून भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. नंतर हुकूम मागे घेतले, गव्हर्नर बेंटिंक आणि सेनापती क्रॅडॉक यांना परत बोलावलं, टिपूच्या मुलांना कलकत्त्याला हलवलं.

किल्ल्याबाहेर मक्कान चौकात या शिपायांचा स्मृतिस्तंभ आहे. रहदारीत तो चटकन नजरेत येत नाही. थोडा वेळ थांबा तिथे.

---

गडवेडा_नाशिक | १२ जानेवारी, रात्री ११.०५

सर, दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. वेढा घालून राजा पुढे जातो आणि तरीही तो उठत नाही, हे खरंच वेगळंच आहे. १८०६ बद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

---

आरणीकर_राव | १३ जानेवारी, सकाळी ७.१५

नमस्कार. मी चेन्नईत असतो, मूळ आरणीचा. घरी आम्ही मराठी बोलतो, पण तीत तमिळ फार मिसळलेली आहे. देवनागरी आजीने शिकवली. चूक झाली तर समजून घ्यावी.

आमचे आरणी वेल्लोरहून चाळीस किलोमीटरच्या आत आहे. शहाजीराजांच्या वेळेस वेदाजी भास्कर यांस इथली जहागीर मिळाली आणि त्यांच्या वंशाकडे ती पुष्कळ पिढ्या राहिली. आसपासचे लोक आम्हा मराठी ब्राह्मणांस 'रायर' म्हणतात. आपण लोक रेशमी साड्या घ्यावयास कांचीपुरमला जाता, आरणीचे रेशीमही चांगले आहे. मागावर बसलेले लोक घरोघर दिसतील.

आजी साखरझोप, साजरं, गोड, असे शब्द बोलत असे. 'साजरा-गोजरा' हे डोंगरांचे नाव आहे हे मला आज इथे कळले. पुढच्या आठवड्यात वेल्लोरला कामासाठी जात आहे. त्या डोंगराकडे आता वेगळ्या नजरेने पाहीन.

---

मंजिरी_कोथरूड | १३ जानेवारी, सकाळी ८.००

आरणीकर काका, तुमचं मराठी किती गोड आहे! आजीचे आणखी शब्द आठवतील तसे लिहा ना, वेगळा धागा काढलात तरी चालेल.

---

दगडफूल | १३ जानेवारी, दुपारी १.३०

मी मूर्ती आणि शिलालेखांच्या मागे फिरते, म्हणून एक आडवाट सुचवते. वेल्लोरहून २५ किलोमीटरवर वळ्ळिमलै. मुरुगनाची, म्हणजे कार्तिकेयाची, दुसरी बायको वळ्ळी इथली, शिकाऱ्यांच्या घरात वाढलेली. डोंगरावर कातळात मुरुगनाचं देऊळ आहे आणि भाविक तिथूनच परततात. त्याच डोंगरात जैन शैलगृह आहे. उघड्या कातळावर तीर्थंकरांच्या ओळीने कोरलेल्या मूर्ती, आणि गंग राजा राचमल्लाचा नवव्या शतकातला लेख. खाली घंटा वाजत असतात आणि इथे माकडांशिवाय कोणी नाही.

तिथून जवळच, पोन्नै नदीकाठी मेल्पाडी. राजराज चोळाने त्याचा आजोबा अरिंजय याच्या समाधीवर बांधलेलं शिवालय इथे आहे. तंजावरचं प्रचंड देऊळ बांधणाऱ्या माणसाने आजोबांसाठी बांधलेलं हे केवढंसं, नेटकं, दगडी देऊळ. मी तिथे पोचले तेव्हा एक मावशी अंगणात चिंच निवडत बसल्या होत्या. त्यांनी उठून हातवारे करून सगळं दाखवलं आणि निघताना मूठभर चिंच पदरात घातली.

गुडघेदुखीवाल्यांसाठी: शोळिंगूरच्या योगनरसिंहाला १३०५ पायऱ्या आहेत, पण २०२४ पासून रोपवे सुरू झालाय. मंजिरी, आईंना घेऊन जा. साधारण ५० किलोमीटर पडेल.

---

पालारकाठ | १३ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

नोकरीमुळे सहा वर्षं काटपाडीत राहिलो. पाण्याविना नदी हे खरंच. वर्षानुवर्षं पालार म्हणजे नुसती वाळू, पोरं क्रिकेट खेळतात. पण २०२१ च्या नोव्हेंबरात ती दुथडी भरून वाहिली, तेव्हा अख्खं गाव पुलावर पाणी बघायला आलं होतं. बायका हळदकुंकू वाहत होत्या. त्याच पावसात जलकंठेश्वराच्या आवारातही पाणी शिरलं. जलकंठेश्वर नाव सार्थ झालं, असं शेजारच्या आजी म्हणाल्या.

नदीकाठचा मुत्तुमंडपम कोणी लिहिला नाही. श्रीलंकेतल्या कँडीचा शेवटचा राजा श्री विक्रम राजसिंह याचं स्मारक. १८१५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं, राजाला वेल्लोरच्या कोटात आणून ठेवलं, आणि १८३२ मध्ये तो इथेच गेला. किल्ल्याच्या पूर्वेला टिपूच्या घरच्या बायकांच्याही कबरी आहेत, हैदरची बेगम आणि टिपूची बेगम. राजाविना किल्ला म्हणतात, पण राज्य गेलेली घराणी इथे दोन-दोन राहिली.

खाण्याबद्दल: या जिल्ह्यातल्या इलवंबाडीच्या काटेरी वांग्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देठाला आणि टोपीला काटे, निवडताना बोटाला टोचतात, पण शिजलं की लोण्यासारखं. भरली वांगी केली होती त्यांची, बायको अजून नाव काढते. आंबूरची बिर्याणी खाणाऱ्यांनी ती चिंचेतल्या वांग्याबरोबरच खावी, तशीच वाढतात. शाकाहारी लोकांनी सकाळी गरम पोंगल.

---

गडवेडा_नाशिक | १३ जानेवारी, रात्री ८.१०

आम्ही चौघं फेब्रुवारीत निघायचं म्हणतोय. जिंजीही जोडता येईल का?

---

जुनी_पानं | १३ जानेवारी, रात्री ९.२५

येईल आणि जोडाच. वेल्लोर ते तिरुवण्णामलै ८० किलोमीटरच्या आसपास, अरुणाचलेश्वराचं दर्शन, मुक्काम तिथे. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून जिंजी, पुढचे चाळीसेक किलोमीटर. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी असे तीन डोंगर एका तटात बांधलेत. राजगिरी चढायला ऊन व्हायच्या आत सुरुवात करा. २०२५ मध्ये जागतिक वारशात आपले जे १२ किल्ले गेले त्यात महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद झाली ती याच जिंजीपाशी, आणि २९ वर्षांनी त्यांच्या मुलाने तो गड घेतला. पायथ्याशी उभं राहून हे मुलांना सांगा.

---

वाटसरू_सोलापूर | १३ जानेवारी, रात्री १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. विरिंजीपुरम मी पाच फेऱ्यांत एकदाही केलं नाही, याची आता चुटपुट लागलीय. सावलीचं घड्याळ पाहायचंच.

गडवेडा, डोंगरावर जाणार असाल तर माणशी दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट. सहाला चढायला लागा, नऊच्या आत खाली या. एकट्याने जाऊ नका. वरून किल्ल्याचे फोटो काढलेत तर इथे टाका, माझा मोबाइल त्या दिवशी वर पोचेपर्यंत बंद पडला होता.

आरणीकर राव, तुम्ही पुढच्या आठवड्यात वेल्लोरला असाल तर एक विनंती. त्या डोंगराखालच्या वस्तीतल्या जुन्या माणसांना त्यांच्या भाषेत विचाराल का, डोंगराला ते काय नाव घेतात? मला तमिळ येत नाही, माझं विचारणं तिथेच अडलं.

---

आरणीकर_राव | १४ जानेवारी, सकाळी ६.५०

अवश्य विचारतो. आज आमच्याकडे पोंगलचा सण आहे, तुम्हाकडे संक्रांत. तिळगूळ घ्या. गुरुवारी वेल्लोरला जाऊन आलो की इथे लिहितो.